गावातला नोड खरंच चालू आहे का? टर्मिनलवरून तपासायच्या रीती

वर्धा_अभ्यासिका (धागा सुरू करणारा)

मंडळी, आर्वी-कारंजा घाडगे पट्ट्यातल्या काही गावांच्या अभ्यासिकांमध्ये आम्ही सिंकथिंगवर एक सामायिक फोल्डर चालवतो. पोलीस भरती, तलाठी भरती, एमपीएससीची तयारी करणाऱ्या पोरापोरींसाठी जुन्या प्रश्नपत्रिका, आमच्याच शिक्षकांनी रेकॉर्ड केलेले गणित-बुद्धिमत्तेचे तास, हाताने लिहिलेल्या टिपणांचे स्कॅन. मधे सर्व्हर नाही. एका गावात सरांनी फाइल टाकली की बाकी गावांत ती आपोआप पोचते, आणि इंटरनेट नसलं तरी अभ्यासिकेच्या वायफायवर पोरं ती उघडतात. मशीन, म्हणजे जाळ्यातला एकेक नोड, कुठे रास्पबेरी पाय ४ (तळहाताएवढा छोटा संगणक), कुठे कोणी दिलेला जुना लॅपटॉप.

हे बसवायला वेळ लागला नाही. रोज सांभाळायला लागतो. लाइन म्हणजे वीज जाते, टॉवरची रेंज पडते, राउटर अडकतो, आणि फोन येतो, "सर, कालचा तास आला नाही." दर वेळी गाडी काढून जाणं होत नाही, म्हणून टर्मिनलवरूनच बघायची सवय लावली. ती इथे मांडतो. तुमचा नोड बिटकॉइनचा असो की आयपीएफएसचा (फाइली अनेकांच्या मशीनवरून वाटणारं जाळं), बरंचसं सारखंच आहे. तुमच्या रीतीही लिहा. कमांड देवनागरीत देतोय, टर्मिनलवर रोमनमध्ये टाकायच्या.

माझं म्हणणं एकच आहे. पीअर-टू-पीअर, म्हणजे मधे सर्व्हर नसलेल्या जाळ्यात नोडची तब्येत त्याच नोडला विचारून पुरती कळत नाही. 'सिस्टिमसीटीएल स्टेटस' हिरव्या अक्षरांत 'ॲक्टिव्ह रनिंग' दाखवतं, त्याचा अर्थ प्रोसेस जिवंत आहे, एवढाच. तो नोड शेजाऱ्यांना दिसतो का, थेट दिसतो की वळसा घेऊन, त्याच्याकडचा माल ताजा आहे का, हे शेजारी सांगतात. म्हणून प्रत्येक नोडने स्वतःची आणि इतरांची नोंद ठेवावी, आणि आपण दोन्ही नोंदी समोरासमोर ठेवून वाचाव्यात.

सुरुवात 'सिंकथिंग सीएलआय शो कनेक्शन्स' पासून. जेसनमध्ये उत्तर येतं: प्रत्येक मशीनपुढे कनेक्टेड ट्रू की फॉल्स, पत्ता, आत-बाहेर गेलेले बाइट आणि टाइप. मी सगळ्यांत आधी टाइप बघतो. टीसीपी किंवा क्विक असेल तर दोन गावं थेट बोलत आहेत. रिले असेल तर कोण्या स्वयंसेवकाच्या मशीनवरून माल फिरून येतोय. रिलेवाल्याला आतलं काही वाचता येत नाही, कारण कुलूप दोन टोकांच्या मशीनमध्येच लागतं-उघडतं. पण वेग त्याच्याकडे जेवढा शिल्लक असेल तेवढाच. कनेक्टेड ट्रू दिसतंय आणि एक व्हिडिओ दिवसभर रांगतोय, अशा वेळी बहुतेकदा इथेच रिले लिहिलेलं सापडतं.

मग माल किती पोचला ते. कर्लने (टर्मिनलवरून वेब-पत्त्याला विचारणारी कमांड) '/रेस्ट/डीबी/कम्प्लीशन' ला विचारायचं, सोबत फोल्डरची आणि समोरच्या मशीनची ओळख, हेडरमध्ये एपीआय की (सिंकथिंगची गुप्त किल्ली). 'नीडबाइट्स' शून्य आलं म्हणजे पूर्ण. हा प्रश्न आर्वीतल्या मशीनला गावातल्या मशीनबद्दल विचारता येतो, तिकडे लॉगिन करावं लागत नाही. मात्र तो आकडा समोरच्याने शेवटचं जे कळवलं त्यावरचा असतो, तेव्हा '/रेस्ट/स्टॅट्स/डिव्हाइस' मधलं 'लास्टसीन' सोबत वाचल्याशिवाय त्यावर विसंबू नका. तीन दिवसांपूर्वी शेवटचं दिसलेलं मशीन आजही शंभर टक्के दाखवू शकतं.

आणि एक विनंती. ८३८४ या पोर्टवरचं वेबपान मुळात फक्त त्याच मशीनपुरतं असतं. ते बाहेर उघडं करू नका. बघायचंच असेल तर एसएसएचच्या (दूरच्या मशीनवर सुरक्षित लॉगिन) बोगद्यातून बघा.

नागपूर_नेटवर्क

भाऊ, काम फार चांगलं करून राहिले तुम्ही. पण हाताने कमांड मारत बसण्यापेक्षा प्रोमिथियस (आकडे गोळा करणारं) आणि ग्राफाना (आलेख दाखवणारं) का नाही लावत? सिंकथिंग '/मेट्रिक्स' वर आकडे देतंच. एकदा बसवलं की आलेख समोर, आणि नोड पडला की मोबाइलवर सूचना.

वर्धा_अभ्यासिका

दादा, नागपुरात किंवा जिथे फायबर टिकतं तिथे मीही तेच सांगीन. आमची अडचण अशी की प्रोमिथियस स्वतः जाऊन आकडे ओढतो. इंटरनेट पडलं की त्याला काही मिळत नाही, आणि इंटरनेट परत आलं तरी मधला काळ कोराच राहतो. आम्हाला तर तोच काळ बघायचा असतो. मशीन बंद होतं, की मशीन चालू होतं आणि फक्त इंटरनेट नव्हतं? पहिल्यात इन्व्हर्टर बघावा लागतो, दुसऱ्यात सिम. कोऱ्या आलेखावरून दोन्ही सारखेच दिसतात.

दुसरं म्हणजे संध्याकाळी गावातल्या रेंजवर ग्राफानाचं पान उघडता उघडत नाही. मोशवरून (एसएसएचसारखंच दूरचं टर्मिनल) दोन ओळींचा मजकूर मात्र येतो. मोश इथे मुद्दाम सांगतो. यूडीपीवर चालतं, मधेच जोडणी तुटली, फोनचा पत्ता बदलला तरी सत्र मरत नाही. साध्या एसएसएचमध्ये अर्धी कमांड टाइप करून हात वर करावे लागायचे.

लिनक्सवाली_यवतमाळ

जाळं बघण्याआधी मशीनकडे बघा, हे माझं जोडणं. विदर्भातल्या उन्हाळ्यात आणि आपल्या लाइनवर नोडच्या निम्म्या तक्रारी तिथूनच सुरू होतात.

रास्पबेरी पायवर 'व्हीसीजेनकमांड गेट_थ्रॉटल्ड' ही कमांड आहे. उत्तर शून्य आलं तर उत्तम. ०एक्स५०००० आलं तर सुरू झाल्यापासून कधीतरी व्होल्टेज खाली गेलं होतं आणि वेग कापला गेला होता. ०एक्स५०००५ आलं तर ते आत्ता, या क्षणीही चालू आहे. व्होल्टेज साधारण ४.६३ च्या खाली गेलं की पाय ही खूण लावतो. मोबाइलच्या चार्जरवर चालवलेल्या पायवर आणि लांब, बारीक यूएसबी वायरीवर हे हमखास दिसतं. बाहेरची हार्ड डिस्क लावली असेल तर आणखीच. मग डिस्क मधेच निसटते, सिंकथिंग म्हणतं फोल्डरची खूणफाइल सापडत नाही, फोल्डर थांबतो, आणि आपण मात्र नेटवर्क तपासत बसतो. 'डीमेसेज' मध्ये 'अंडर-व्होल्टेज' शोधा, एका मिनिटात उलगडा होतो.

तापमानासाठी 'व्हीसीजेनकमांड मेझर_टेम्प'. पाय ४ हा ८० अंशांच्या आसपास पोचला की स्वतःचा वेग कमी करू लागतो. टिनाच्या छताखाली मे महिन्याच्या दुपारी खोलीच ४४-४५ वर असते, बंद प्लास्टिकच्या डबीतला पाय तिथवर सहज जातो. डबीचं झाकण काढून, उभा ठेवून, छोटा पंखा लावा.

आता घड्याळ. हे सविस्तर लिहिते, कारण नोंदी वाचताना याच्यामुळे माणूस पार चुकीच्या निष्कर्षावर जातो. पाय ४ मध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं. बंद होताना आणि अधूनमधून तो शेवटची वेळ डिस्कवर लिहून ठेवतो, सुरू होताना तिथूनच पुढे मोजतो, आणि इंटरनेट मिळालं की एनटीपीवरून (इंटरनेटवरची वेळ सांगणारी सेवा) खरी वेळ घेतो. समजा दुपारी २ ला लाइन गेली, ६ ला आली, पण इंटरनेट यायला ७ वाजले. त्या तासाभराच्या नोंदी दुपारी २ ते ३ म्हणून लिहिल्या जातात! नोंदवही वाचणाऱ्याला वाटतं, मशीन तर २ नंतरही नीट चालू होतं, मग अचानक चार तास उडाले. शिवाय घड्याळ जास्तच मागे असेल तर एचटीटीपीएसची प्रमाणपत्रं 'अजून वैध नाहीत' म्हणून नाकारली जातात. 'टाइमडेटसीटीएल' मारून 'सिस्टिम क्लॉक सिंक्रोनाइज्ड' पुढे येस आहे का ते आधी बघा. कायमचा इलाज म्हणजे डीएस३२३१ चं घड्याळ-मॉड्यूल, त्यात नाण्याएवढी बॅटरी. पाय ५ वाल्यांना घड्याळ बोर्डवरच मिळतं, फक्त बॅटरी वेगळी घ्यावी लागते.

लाइन कधी गेली-आली याची फुकटातली नोंद 'लास्ट -एक्स शटडाउन रीबूट' मध्ये असते. नीट बंद झालेलं मशीन आणि लाइन जाऊन पडलेलं मशीन त्यात वेगवेगळं ओळखू येतं.

वर्धा_अभ्यासिका

ताई, घड्याळाचं हे आमच्या सगळ्या गावांत लागू आहे. प्रत्येक नोंदीच्या ओळीत आता वेळेसोबत अपटाइमही (मशीन सुरू होऊन किती वेळ झाला) लिहायला लावतो. घड्याळ काहीही म्हणो, अपटाइम शून्यापासून सुरू झाला म्हणजे मशीन पडून उठलं, हे तरी पक्कं.

शिकतोय_दारव्हा

सर, मी नवीन आहे. गावात माझ्या घरी एक नोड आणि मावशीकडे दिग्रसला एक. दोन्ही घरी सिमवाला राउटर. राउटरमध्ये २२००० पोर्ट फॉरवर्ड केलं (बाहेरून येणारी जोडणी नोडकडे वळवली), तरी टाइप रिलेच दाखवतं. 'एसएस -टीएलएन' मध्ये २२००० ऐकताना दिसतं. मग अडतंय कुठे?

नागपूर_नेटवर्क

'एसएस' ने जे दाखवलं ते बरोबर आहे: तुझ्या मशीनवर दार उघडं आहे. पण गल्लीच्या तोंडाशी दुसरं फाटक आहे आणि त्याची किल्ली कंपनीकडे आहे.

मोबाइल डेटाच्या कंपन्यांकडे आयपीव्ही४ चे पत्ते कमी आणि गिऱ्हाईक जास्त. म्हणून एका बाहेरच्या पत्त्यामागे शेकडो घरं बसवतात. याला सीजीनॅट म्हणतात. त्यासाठी १००.६४.०.० पासून १००.१२७.२५५.२५५ पर्यंतचा गट २०१२ मध्ये आरएफसी ६५९८ ने राखून ठेवला. तपासायचं असं: राउटरच्या पानावर वॅन आयपी (कंपनीने राउटरला दिलेला पत्ता) बघ. मग 'कर्ल -४' ने आपला पत्ता सांगणाऱ्या कुठल्याही सेवेला विचार. दोन्ही जुळले तर पोर्ट फॉरवर्डिंग चालेल. राउटरवर १००.६४ च्या गटातला किंवा १० ने सुरू होणारा पत्ता आणि बाहेर भलताच, तर तू सीजीनॅटमागे आहेस. राउटरमध्ये कितीही पोर्ट उघडलेस तरी बाहेरून आत येता येणार नाही.

आता मार्ग. एक, आयपीव्ही६. सिमवर बहुतेकदा ते मिळतं. 'आयपी -६ ॲड्र शो स्कोप ग्लोबल' मार, २ किंवा ३ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर आहे. पण राउटरची फायरवॉल आत येणारं अडवत असू शकते, म्हणून वेगळ्या नेटवर्कवरून 'एनसी -६ -झेडव्ही पत्ता २२०००' करून बघ. हे टीसीपीपुरतंच विश्वासाचं. यूडीपीवर उत्तर आलं नाही याचा अर्थ दार उघडं आहे असाही होतो आणि पॅकेट वाटेत टाकलं असाही होतो.

दोन, क्विक. सिंकथिंग २०१९ पासून क्विकवरही जोडतं आणि दोन्ही बाजूंनी एकाच वेळी ठोठावून नॅटमधून वाट काढायचा प्रयत्न करतं. जमलं तर टाइपमध्ये क्विक दिसेल. काही सीजीनॅटवर जमतं, काहींवर नाही.

तीन, आणि हा सगळ्यांत खात्रीचा: थेट जोडणीसाठी दोघांपैकी एकानेच बाहेरून दिसणं पुरेसं असतं. तालुक्याच्या गावी कोणाकडे सार्वजनिक पत्ता असलेलं फायबर असेल तर तिथे एक नोड ठेव. बाकीचे त्याच्याकडे आतून बाहेर डायल करतील, रिले सुटेल. सगळ्यांचे फोल्डर त्या नोडशीही वाटून घेतले की दोन गावं एकमेकांना कधीच थेट दिसली नाहीत तरी माल पोचतो.

शिकतोय_दारव्हा

समजलं सर. वॅन आयपी १०० ने सुरू होतो. आयपीव्ही६ चं आज रात्री बघतो.

संत्रापट्टा

मी वरूडकडचा. घरी बिटकॉइन कोअरचा नोड चालवतो. पैसा ठेवायला नाही, साखळी (व्यवहारांच्या ब्लॉकची सार्वजनिक नोंदवही) स्वतः पडताळायची हौस आहे. दादांनी सीजीनॅटचं सांगितलं ते बिटकॉइनवर एका कमांडमध्ये दिसते: 'बिटकॉइन-सीएलआय -नेटइन्फो'. तक्ता येतो, आत किती जोडण्या, बाहेर किती. बाहेर जाणाऱ्या साधारण १० असतात, त्यात ८ पूर्ण आणि २ फक्त ब्लॉकच्या. आत येणाऱ्या जर कायम ० असतील तर तुम्ही ८३३३ वर बाहेरून दिसत नाही. तुमचं काम चालते, ब्लॉक येतात, पडताळणी होते, पण नव्या नोडला तुमच्याकडून काही मिळत नाही. '-नेटइन्फो ४' केलं की प्रत्येक पीअरचा पिंग, जोडणीचा काळ, पत्ता, आवृत्ती, सगळं एका पानावर. आत येणाऱ्या हव्याच असतील तर टॉर या ओळख लपवणाऱ्या जाळ्यावरून अनियन पत्ता घेतला की सीजीनॅटची अडचण राहत नाही. माझ्याकडे तेच आहे.

ताजेपणासाठी 'गेटब्लॉकचेनइन्फो'. त्यात 'हेडर्स' (मथळे कुठवर आले) आणि 'ब्लॉक्स' (पूर्ण ब्लॉक कुठवर पडताळले) हे दोन आकडे जवळ ठेवून वाचायचे. हेडर्स पुढे, ब्लॉक्स मागे आणि अंतर कमी होत असेल तर नोड भरून काढून राहिला. अंतर तसंच अडकलं असेल तर डिस्क किंवा पीअर बघा. दोन्ही सारखे आणि तरी ओळखीच्या दुसऱ्या नोडवरचा 'ब्लॉक्स' चा आकडा तुमच्या पुढे दिसत असेल, तर तुम्हीच मागे पडले. सरासरी दहा मिनिटांना एक ब्लॉक येतो, तेव्हा तासभर काहीच नाही असं झालं की मी उठून बघतो.

इथे पहिल्या पोस्टमधली गोष्ट खरी ठरते. स्वतःच्या नोडला विचारलं तर तो त्याच्या माहितीनुसार शंभर टक्के. मागे आहे हे दुसरे नोड सांगतात.

लाइनचं म्हणाल तर वावरातल्या घरी शेतीच्या फीडरची लाइन, कधी दिवसपाळी कधी रातपाळी. नोड तिथे ठेवायचा नाही, गावठाणातल्या घरी ठेवायचा. आणि लाइन अचानक गेली तर नुसतं मशीन पडत नाही: 'डीबीकॅश' मोठा ठेवला असेल तर मेमरीतलं लिहायचं राहून जाते आणि सुरू केल्यावर नोड कितीतरी ब्लॉक परत चाळत बसतो. यूपीएसला यूएसबी असेल तर नट नावाचं पॅकेज टाका, 'यूपीएससी' ने बॅटरी किती उरली ते दिसते, आणि ती खाली आली की आपोआप 'बिटकॉइन-सीएलआय स्टॉप' होईल असं लावता येते.

पूर्ण साखळी ६०० जीबीच्या वर गेली आहे. सिमच्या डेटावर ती उतरवायचा विचारही करू नका. ओळखीच्या माणसाच्या नोडवरून, दोन्ही नोड नीट बंद करून, हार्ड डिस्कवर 'ब्लॉक्स' आणि 'चेनस्टेट' आणा. पण दुसऱ्याचं चेनस्टेट म्हणजे दुसऱ्याची पडताळणी. मनात शंका नको असेल तर '-रीइंडेक्स-चेनस्टेट' देऊन ते आपल्या मशीनवर नव्याने बांधून घ्या. वेळ लागतो, लागू द्या. जागा नसेल तर 'प्रून=५५०', म्हणजे जुने ब्लॉक पुसले जातात.

पैनगंगाकाठ

उमरखेडकडून. आमच्या गावच्या जुन्या छायाचित्रांचा संग्रह आयपीएफएसवर ठेवला आहे, कुबो (आयपीएफएसचा नोड चालवणारं सॉफ्टवेअर) वापरून.

'आयपीएफएस स्वॉर्म पीअर्स' वर पीअर भरपूर दिसतात, त्यावर जाऊ नका. तुमचा मजकूर कोणाला सापडतो का, हे त्यातून कळत नाही. दुसऱ्या ठिकाणच्या मशीनवरून 'आयपीएफएस राउटिंग फाइंडप्रोव्ह्ज' ला तुमचा सीआयडी (मजकुराची ओळख) द्या आणि तुमची पीअर आयडी यादीत येते का बघा. येत नसेल तर तुमची घोषणा डीएचटीत (कोणाकडे काय आहे याची नोडांमध्ये वाटलेली यादी) नाही. या घोषणा ४८ तासांनी मावळतात आणि कुबो दर २२ तासांनी त्या नव्याने करतो. म्हणजे दोन-तीन दिवस लाइन नसली की नोड उठल्यावरही मजकूर काही वेळ हरवलेलाच राहतो. घाबरून पुन्हा पुन्हा रीस्टार्ट करू नका, घोषणेला वेळ द्या. फाइंडप्रोव्ह्जमध्ये आला तर 'आयपीएफएस पिंग' ने खरंच गाठता येतो का ते बघा. यादीत असणं आणि गाठता येणं या दोन वेगळ्या परीक्षा आहेत.

स्वस्त राउटर आयपीएफएसने गुदमरतो. शेकडो जोडण्यांनी त्याची नॅटची वही (कोणती जोडणी कोणत्या मशीनची याची यादी) भरते आणि घरात कोणाचंच इंटरनेट चालेना होतं. 'आयपीएफएस कॉन्फिग' ने 'स्वॉर्म.कॉनएमजीआर.हायवॉटर', म्हणजे जोडण्यांची मर्यादा, खाली आणल्यावर आमच्याकडे शांतता झाली. डेटा किती जातो ते 'आयपीएफएस स्टॅट्स बीडब्ल्यू' सांगतं, पण महिन्याचा हिशेब मी 'व्हीएनस्टॅट' वर ठेवतो. ते कर्नलचे आकडे घेतं, पॅकेट पकडत बसत नाही, म्हणून मशीनवर भार पडत नाही.

गोंडवन

धानोऱ्याकडे काही ठिकाणी सिमच चालत नाही, तिथे आम्ही मेश्टास्टिकचे लोरा रेडिओ (कमी विजेवर लांब पोचणारे) लावून पाहून राहिलो. इंटरनेट नाही, टॉवर नाही, एका रेडिओवरून दुसऱ्यावर छोटे संदेश. भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा त्यासाठी खुला आहे, रीजन आयएन ठेवावा लागतो. तपासणी इथेही कमांडनेच: 'मेश्टास्टिक --नोड्स' केलं की कोणता रेडिओ शेवटचा कधी ऐकू आला, सिग्नल किती स्वच्छ, बॅटरी किती, सगळं येते. '--ट्रेसरूट' ने संदेश कोणकोणत्या रेडिओवरून गेला ते कळते. मूळ सेटिंग तीन उड्यांचं असते, चौथ्या टेकडीपलीकडे संदेश गेला नाही तर रेडिओ खराब समजू नका, आधी उड्या मोजा. साग पानावर आला की सिग्नल बराच पडतो, म्हणून उन्हाळ्यात बसवलेलं जाळं पावसाळ्यात परत फिरून तपासावं लागते.

वर्धा_अभ्यासिका

गोंडवन भाऊ, यावर वेगळा धागा काढाच. तिकडच्या लोकांना फार उपयोगी पडेल.

दोन्ही बाजूंच्या नोंदी कशा वाचायच्या ते आता एका गावाच्या उदाहरणाने सांगतो. क्रॉनमधून (ठरल्या वेळी कमांड चालवणारा) दर पाच मिनिटांना एक छोटी स्क्रिप्ट चालते. ती एक ओळ लिहिते: वेळ, अपटाइम, घड्याळ जुळलेलं आहे का, '/रेस्ट/नोऑथ/हेल्थ' चं उत्तर, प्रत्येक शेजाऱ्यापुढे जोडला आहे की नाही आणि टाइप, किती बाइट बाकी, तापमान, आणि ताईंनी सांगितलेला थ्रॉटल्डचा आकडा. जेसनमधून हे उपसायला 'जेक्यू' ही कमांड. ओळी मशीनवरच साठतात आणि तासाला एकदा 'नोंदी' नावाच्या वेगळ्या सिंकथिंग फोल्डरमध्ये जातात. प्रत्येक नोड फक्त स्वतःच्या नावाच्या फाइलमध्ये लिहितो, त्यामुळे 'सिंक-कॉन्फ्लिक्ट' च्या फाइली होत नाहीत. जोडणी तुटली तर नोंदी त्या मशीनवरच राहतात, जुळली की सगळ्यांकडे येतात. मधला काळ हरवत नाही.

तर त्या गावाचा नोड रोज संध्याकाळी गायब व्हायचा. शेजाऱ्यांच्या फाइलींत त्या वेळी तो फॉल्स. गावातल्या लोकांचं म्हणणं, लाइन जात असेल. त्याची स्वतःची फाइल आली तेव्हा तिच्यात एकही ओळ गळलेली नव्हती, अपटाइम सरळ वाढत गेलेला, थ्रॉटल्ड शून्य. म्हणजे मशीन ठणठणीत. आणि त्याच्या फाइलीत त्या वेळी सगळेच शेजारी फॉल्स. एकच शेजारी फॉल्स असता तर त्या शेजाऱ्याकडे बघितलं असतं. सगळे एकदम म्हणजे याच्याच दाराबाहेरची वाट बंद.

मग त्याच मशीनवर संध्याकाळी 'एमटीआर -आरडब्ल्यूसी १००' चा अहवाल फाइलीत लिहायला लावला. वाटेतल्या प्रत्येक राउटरपाशी, म्हणजे हॉपपाशी, किती पॅकेट गळतात ते त्यात दिसतं. पहिला हॉप म्हणजे आपला राउटर, तिथे गळती नाही. दुसऱ्या हॉपपासून गळती सुरू आणि ती शेवटच्या हॉपपर्यंत टिकलेली. एमटीआर वाचताना हे 'शेवटपर्यंत टिकलेली' महत्त्वाचं आहे. मधल्याच एका हॉपवर मोठा आकडा आणि पुढे शून्य असेल तर तो राउटर फक्त पिंगला उत्तर द्यायला टाळतोय, तुमची पॅकेट नीट पुढे जातायत. आमच्याकडे पहाटेच्या अहवालात तीच वाट स्वच्छ. माणसं वावरातून घरी आली, फोन हातात घेतले, की त्या टॉवरवर आमच्या वाट्याला काही उरत नव्हतं.

टॉवर आपल्या हातात नाही. वेळ आहे. आम्ही व्हिडिओंचा फोल्डर वेगळा केला. क्रॉन रात्री ११ नंतर कर्लने '/रेस्ट/कॉन्फिग/फोल्डर्स' वर पॅच पाठवून त्याचं 'पॉज्ड' फॉल्स करतं, सकाळी ६ ला परत ट्रू. प्रश्नपत्रिका आणि टिपणांचा हलका फोल्डर दिवसभर चालू. सकाळी अभ्यासिका उघडते तेव्हा आदल्या दिवशीचा तास आलेला असतो.

लिनक्सवाली_यवतमाळ

सर, फार मोलाचं. दोन गोष्टी जोडते. एसडी कार्डावर दर पाच मिनिटांना लिहिण्याने कार्ड झिजतं, त्या ओळी तासभर '/रन' मध्ये, म्हणजे मेमरीत ठेवून एकदम उतरवल्या तर बरं. लाइन गेली तर जास्तीत जास्त एका तासाच्या ओळी जातील, आणि पडल्याची खूण अपटाइममध्ये राहतेच.

दुसरं, एकाच अभ्यासिकेत दोन मशीन असूनही ती एकमेकांशी इंटरनेटवरून बोलताना दिसली, तर 'शो कनेक्शन्स' मध्ये 'इझलोकल' बघा. ते फॉल्स असेल तर राउटरमधलं 'एपी आयसोलेशन' बंद करा. ते चालू असलं की एकाच वायफायवरची मशीन एकमेकांना दिसत नाहीत आणि २१०२७ वरची स्थानिक शोधाशोध वाया जाते. एका यवतमाळकर वाचनालयात डेटाचा निम्मा कोटा यातच संपत होता.

नागपूर_नेटवर्क

नोंदी फोल्डरमधून फिरवायची कल्पना मला पटली. जिथे फायबर आहे तिथे मी प्रोमिथियसच ठेवीन, पण तुमच्या फाइली आल्यावर त्याही त्यात ओतता येतील. वर्धा भाऊ, स्क्रिप्ट इथे चिकटवताना एपीआय की काढून टाका. ती फाइलमध्ये वेगळी ठेवा, परवानगी ६०० (फक्त मालकालाच वाचता-लिहिता येईल), आणि ती फाइल चुकूनही सामायिक फोल्डरमध्ये नको.

वर्धा_अभ्यासिका

हो, की आधीच वेगळ्या फाइलीत आहे. ताईंचा '/रन' चा बदल करून उद्या संध्याकाळपर्यंत स्क्रिप्ट टाकतो.

शिकतोय_दारव्हा

सर, दादा, मावशीकडच्या राउटरवर आयपीव्ही६ होतं, फायरवॉलमध्ये २२००० ला मुभा दिली. कॉलेजच्या नेटवर आयपीव्ही६ नाही म्हणून मित्राच्या फोनच्या हॉटस्पॉटवरून 'एनसी' करून पाहिलं, जोडणी झाली. आता घरच्या नोडवर टाइप 'टीसीपी-क्लायंट' दाखवून राहिलं. फक्त राउटर रीस्टार्ट झाला की मावशीकडचा पत्ता बदलतो. सिंकथिंग तो स्वतः शोधून घेईल की मला काही करावं लागेल?

नागपूर_नेटवर्क

मशीनचा पत्ता 'डायनॅमिक' च ठेवला असशील तर काही करायचं नाही. मावशीकडचा नोड नवा पत्ता ग्लोबल डिस्कव्हरीला कळवतो आणि तुझा तिथून उचलतो, थोडा वेळ लागतो इतकंच. तोवर रिलेवर दिसला तर घाबरू नको. फायरवॉलचा नियम मात्र बघ. तो मावशीच्या जुन्या पूर्ण पत्त्यावर लिहिला असेल तर पत्ता बदलताच निकामी होईल. राउटर नियम मशीनच्या मॅक पत्त्यावर किंवा नावावर लिहू देत असेल तर तसा लिही.